कुवेतच्या तेलविहिरी विझल्या, पण तो धूर ज्यांनी खाल्ला त्यांचं काय?

बाळीवेस

तेलाच्या देशात युद्ध लागलं की टीव्हीवर काळ्या धुराचे लोट दिसतात, दोन दिवस पेट्रोलच्या भावाची चर्चा होते आणि विषय मागे पडतो. आग विझल्यावर तिथल्या जमिनीचं, पाण्याचं आणि त्या हवेत राबलेल्या माणसांचं पुढं काय होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मला माहीत आहे ते आधी मांडते. इराकने 2 ऑगस्ट 1990 ला कुवेत घेतलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय तिथून परत आले, बहुतेक जण जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानाने. फेब्रुवारी 1991 मध्ये, आखाती युद्धात अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या फौजांपुढे माघार घेताना, इराकी सैन्याने 600 हून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या. शेवटची विहीर बंद झाली 6 नोव्हेंबर 1991 ला. आग ऐन भरात असताना रोज 40 ते 60 लाख पिंपं तेल जळत किंवा वाहून जात होतं.

माझे थोरले मामा आधी परत आले होते, पण इथं हाताला काम नव्हतं. गिरण्यांची अवस्था तेव्हा काय होती ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्यामुळे 1991 च्या उन्हाळ्यात ते वेल्डर म्हणून पुन्हा कुवेतला गेले. राहायची जागा अहमदी गावाजवळ, आणि अहमदीला लागूनच बुर्गानचं तेलक्षेत्र. मामा सांगतात, वारं तिकडून आलं की भर दुपारी गाड्यांचे दिवे लावायला लागायचे. इथून नेलेला टॉवेल दोरीवर वाळत घातला की संध्याकाळपर्यंत त्यावर मोहरीएवढे चिकट काळे ठिपके पडायचे. साबणाने ते पसरायचे नुसते, निघायचे नाहीत. रॉकेलच्या बोळ्याने एकेक ठिपका पुसावा लागायचा. तोंडाला बांधायला कंत्राटदाराने दिलं होतं ते साधं फडकं, आणि तेही ज्याचं त्याने धुवायचं.

आता मामांना जिना चढताना दम लागतो. खोकला तर कायमचाच. त्या धुराचा याच्याशी काही संबंध असेल का? अमेरिकेच्या सैनिकांची या बाबतीत नोंद ठेवली गेली असं वाचलंय. मामांना मात्र गेल्या इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही की बाबा, तू तिथं होतास, तुझी छाती कशी आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर लिहा.

यंत्रमाग

वाचतोय. आमचे वडील पण होते तिथं. रात्री सविस्तर लिहितो.

होटगी_रोड

ताई, मामांना आराम पडो. पण या विषयात भीती फार पसरवली गेली होती, तेही नोंदवायला हवं. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं की धूर वर जाऊन पसरेल, ऊन अडवेल, दक्षिण आशियातली पिकं बुडतील. 1815 मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटल्यावर पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नव्हता, त्याचा दाखला दिला जात होता. आपल्याकडे मान्सून बिघडणार म्हणून काळजी होती. प्रत्यक्षात तसलं काही घडलं नाही. सेगन यांनीच पुढे भाकीत चुकल्याचं लिहून ठेवलंय. मग आज पुन्हा तेच उगाळायचं कशाला?

माळढोक

होटगी_रोड, तुम्ही सांगितलेला भाग बरोबर आहे. पण “तसं झालं नाही” आणि “काहीच झालं नाही” यात फार अंतर आहे. तेवढ्यासाठीच लिहितोय.

भाकीत का चुकलं? धूर पुरेसा वर गेलाच नाही. ज्वालामुखीचा जोर मोठा असतो, तो गंधकाचे वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात पोचवतो. तिथं पाऊस नाही, त्यामुळे ते वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. कुवेतचा धूर बहुतेक वेळा 3 ते 5 किलोमीटरच्या आसपासच थांबला. शिवाय तिथल्या तेलात गंधक भरपूर. काजळीच्या कणांवर त्या गंधकाचं आवरण चढलं, ते कण ओलावा धरू लागले, आणि पाऊस-ढगांबरोबर काही दिवसांत खाली आले. काही विहिरींतून तेलाबरोबर खारं पाणी येत होतं, त्यांचा धूर तर चक्क पांढरा दिसायचा. तेव्हाच्या फोटोंत काळ्या लोटांच्या मधे पांढरे लोट दिसतात ते हेच.

योगायोग असा की त्याच वर्षी 15 जूनला फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. त्याने गंधकाचे वायू स्थितांबरात सोडले आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. उंचीमुळे किती फरक पडतो, याचा दोन्ही बाजूंनी पुरावा एकाच वर्षात मिळाला. आपला 1991 चा पाऊस सरासरीपेक्षा कमीच होता, पण त्या वर्षी एल निनोही होता. त्याचं खापर कुवेतवर फोडता येत नाही.

पण धूर वर गेला नाही म्हणजेच तो खाली राहिला! जगाची हवा वाचली, पण तो धूर कुवेत, सौदी अरेबिया आणि इराणमधल्या माणसांच्या वाट्याला आला. धुराच्या छत्राखाली दिवसाचं तापमान कितीतरी अंशांनी उतरलं होतं, इराणमध्ये काळा पाऊस पडला, काश्मीरमध्ये काळपट बर्फ पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. विमानातून मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाने रोज सुमारे 20 हजार टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. जागतिक हवामान बिघडलं नाही या एका वाक्यावर तो सगळा विषय मिटवला गेला, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

रिगवाले काका

माझी सगळी नोकरी समुद्रातल्या ड्रिलिंगवर गेली. आता जुळे सोलापूरला असतो. विहिरीची आग कशी असते ते जवळून बघितलंय, म्हणून लिहायचं धाडस करतो.

लोकांना वाटतं विहीर म्हणजे वरती तेलाचं तळं आणि त्याला आग. तसं नसतं. जमिनीखाली हजारो फुटांवर तेल-वायू दाबाखाली कोंडलेले असतात. वरती जे झडपांचं झाड असतं, त्याला आम्ही ख्रिसमस ट्रीच म्हणतो, ते स्फोटाने उडवलं की खालचा दाब मोकळा होतो. मग त्या नळीतून तेल अक्षरशः डरकाळी फोडत बाहेर पडतं. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. उष्णतेने वाळू वितळून काचेसारखी होते. तेल अर्धवट जळतं आणि विहिरीच्या तोंडाभोवती कोकचा, म्हणजे जळून घट्ट झालेल्या तेलाचा, दगडासारखा ढीग साचतो. आधी तो फोडून काढायचा, नाहीतर तोंडच सापडत नाही.

कुवेतमध्ये या सगळ्याच्या आधी सुरुंग काढावे लागले. विहिरींच्या भोवती पेरलेले होते, आणि वरून न फुटलेले बॉम्ब. मग पाणी. वाळवंटात पाणी आणायचं कुठून? ज्या पाइपलाइनमधून तेल समुद्राकडं जायचं, त्यांच्यातूनच उलट दिशेने समुद्राचं पाणी आणलं आणि विहिरींशेजारी मोठाले खड्डे खणून त्यात भरलं. पत्र्याच्या आडोशामागून पाण्याचे झोत मारत मारत पुढं सरकायचं. बऱ्याच आगी नुसत्या पाण्यानेच विझल्या. काही ठिकाणी पिंपात स्फोटकं भरून क्रेनसारख्या लांब दांड्याच्या टोकावरून ज्वाळेत धरायची आणि उडवायची, म्हणजे क्षणभर ज्वाळा तेलापासून तुटते. हंगेरीच्या पथकाने तर टी-34 रणगाड्यावर मिगची दोन जेट इंजिनं बसवून आणली होती आणि त्यांच्या झोतात पाणी सोडून आग विझवली.

आग विझली की सगळ्यात धोक्याची वेळ सुरू होते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आता तेल न जळता उसळतंय, अंगावर पावसासारखं पडतंय, आणि एक ठिणगी पुरेशी आहे. त्यातच हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजणारा माणूस त्यातच संपतो. त्या अवस्थेत नळीत स्टिंगर, म्हणजे निमुळती नळी घुसवून जड मड (ड्रिलिंगचा घट्ट चिखल) पंप करायचा आणि दाब मारायचा. मगच वरून झडप बसते.

सुरुवातीला तज्ज्ञ म्हणत होते दोन ते पाच वर्षं लागतील. तेलविहिरींच्या आगी विझवणारे अमेरिकेचे रेड अडेर यांच्यासारखे नाणावलेले लोक आले, कॅनडाचे, चीनचे, इराणचेही आले, कुवेतींनी स्वतःचं पथक उभं केलं. त्यात सारा अकबर नावाच्या पेट्रोलियम इंजिनिअर बाई होत्या, पुढं त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा सन्मानही मिळाला. आणि काम साडेआठ महिन्यांच्या आत संपलं. मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे.

पण बाळीवेस ताईंच्या मामांसारखे वेल्डर, फिटर, पाइप ओढणारे, खड्डे खणणारे, जेवण करणारे हजारो लोक याच धुरात होते. त्यांचे फोटो कुठंही छापून आले नाहीत.

बाळीवेस

काका, खूप आभार. मामांना हे वाचून दाखवलं. उलट्या दिशेने पाणी आणणाऱ्या पाइपलाइनचं वाचल्यावर ते लगेच म्हणाले, “तिचेच जोड मारत होतो आम्ही.” गळती लागली की खाऱ्या पाण्याच्या चिखलात बसून वेल्डिंग करायचं, आणि वरून तेलाचे थेंब.

होटगी_रोड

काकांचं लिखाण वाचून बरंच कळलं. माळढोक, जमिनीचं काय झालं तेही लिहा. वाळवंटच आहे, तिथं शेती थोडीच आहे, असं लोक म्हणतात.

माळढोक

वाळवंट म्हणजे रिकामी जागा, हा समज आपल्या माळरानाबद्दलही आहे. नान्नजच्या माळाला सरकारी कागदावर कित्येक वर्षं पडीकच म्हटलं गेलं, आणि त्याच माळावर माळढोक नाचत होता. असो, कुवेतकडे येतो.

जे तेल जळलं नाही ते खोलगट भागांत साचून तेलाची तळी झाली. 300 हून जास्त तळी होती, एकूण पसारा सुमारे 49 चौरस किलोमीटर. उंचावरून ती पाण्यासारखी चमकतात. स्थलांतर करणारे पक्षी पाणी समजून उतरले आणि तिथंच रुतून मेले. मी हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यात पक्षी बघायला जातो. दमून आलेला बदकांचा थवा वरून एक-दोन घिरट्या घेतो, चकाकी दिसली की पंख आवरतो आणि उतरतो. त्या क्षणी त्याच्याकडे विचार करायला ताकदच उरलेली नसते. खाली पाण्याऐवजी डांबर असेल तर त्याला कळणार कधी?

वाळू, काजळी आणि तेलाचे थेंब मिळून देशाच्या साधारण 5 टक्के जमिनीवर डांबरी फरशीसारखा थर बसला. त्याला टारक्रीट म्हणतात. त्याखालचं बी उगवेना. रणगाडे आणि खंदकांमुळे वाळवंटावरची खडीची पातळ साल मोडली ती वेगळीच. ती मोडली की खालची वाळू सुटी होऊन वाऱ्यावर स्वार होते.

मला सगळ्यात लागलं ते पाण्याचं. कुवेतमध्ये नदी नाही. उत्तरेला रौधातैन आणि उम्म अल-ऐश या दोन ठिकाणी जमिनीखाली गोड्या पाण्याचे साठे आहेत, शेकडो वर्षांच्या तुरळक पावसाचं मुरलेलं पाणी. त्याच्या वरतीच तेलक्षेत्र. सांडलेलं तेल आणि आग विझवायला आणलेलं समुद्राचं पाणी, दोन्ही हळूहळू मुरत त्या साठ्यांपर्यंत गेलं. आग विझवण्यासाठी ते पाणी आणणं भागच होतं, त्याला दोष देता येत नाही. पण चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात बसून हे वाचताना पोटात तुटतं. गोडं पाणी एवढंसं, आणि तेही गेलं.

समुद्रात त्याआधीच, जानेवारी 1991 मध्ये, लाखो पिंपं तेल सोडलं गेलं होतं. सौदीचा सातशे किलोमीटरच्या आसपासचा किनारा माखला, तीस हजारांच्या घरात समुद्रपक्षी मेले. दहा-बारा वर्षांनी तिथल्या खाजणांची पाहणी झाली तेव्हा खेकड्यांच्या बिळांत तेल तसंच होतं. खेकडा खोल बीळ करतो, तेल त्यातून खाली उतरतं, तिथं हवा पोचत नाही आणि हवा नसली की तेल कुजतही नाही.

स्टेथो

मी छातीच्या रोगांची डॉक्टर आहे, सोलापुरातच. बाळीवेस, मामांना न तपासता त्यांच्याबद्दल निदान लिहिणार नाही. पण माहीत आहे ते नीट सांगते.

कच्चं तेल उघड्यावर जळतं तेव्हा ते पूर्ण जळत नाही. रॉकेलचा दिवा वात मोठी केल्यावर जसा काजळी धरतो, तसंच. त्यातून अतिसूक्ष्म कण येतात, आणि त्या कणांना चिकटून पीएएच नावाची रसायनं येतात, त्यांतली काही कॅन्सरला कारण ठरतात. शिवाय बेंझिन, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत, ते सरळ फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत उतरतात. दमेकऱ्याला सल्फर डायऑक्साइड थोडासाही सोसत नाही.

आता दुसरी बाजू. 1991 मध्ये अमेरिकी पर्यावरण खात्याचे लोक मोजमापाला गेले तेव्हा वस्तीत जमिनीलगत घातक वायूंचं प्रमाण भीती होती त्यापेक्षा कमी सापडलं, कारण आगीच्या उष्णतेने धूर सरळ वर उचलला जात होता. सूक्ष्म कणांचं प्रमाण मात्र फार होतं. त्यात धूर किती आणि वाळवंटाची धूळ किती हे वेगळं काढणं अवघड, कारण तिथं धुळीची वादळं कायमचीच. हे मी मुद्दाम लिहितेय. कारण रुग्ण घाबरून आला की त्याला वाटतं सगळं त्या एकाच कारणाने झालं.

आखाती युद्धातल्या जवळपास 7 लाख अमेरिकी सैनिकांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला पुढं दीर्घकाळ थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा असा त्रास राहिला. त्याला आखाती युद्धाचा आजार म्हणतात. सुरुवातीला बरेच लोक तेलाच्या धुराकडे बोट दाखवत होते. पुढच्या अभ्यासांत जास्त संशय गेला तो मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे रासायनिक हल्ल्यापासून बचावाच्या गोळ्या, कीटकनाशकं आणि सरीन हा विषारी वायू. फुप्फुसाचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2005 मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितलं की ज्वलनातून निघणाऱ्या पदार्थांचा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध आहे. तो निष्कर्ष एकट्या कुवेतच्या धुराचा नाही, सगळ्याच धुरांचा आहे. वाहनं, चुली, कारखाने, सगळे आले त्यात.

आणि मामा वेल्डर होते, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण माझ्यासाठी तेच फार महत्त्वाचं आहे. वेल्डिंगच्या धुराला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये थेट कॅन्सरकारक गटात टाकलंय. बिडी-सिगारेट ओढत होते का, तेही बघावं लागेल. हे सगळं एकावर एक साठत जातं.

आता काय करायचं ते. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात ती) आधी करून घ्या, दोन्ही सिव्हिलमध्ये होतं. गरज वाटली तर डीएलसीओ नावाची तपासणी असते, तिच्यातून फुप्फुस रक्तात प्राणवायू किती पोचवतंय ते कळतं. जाताना एका कागदावर कामाचा इतिहास लिहून न्या. कोणत्या साली, कुठल्या गावात, आगीपासून किती लांब, दिवसाचे किती तास, तोंडाला काय बांधलं होतं. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर विचारतीलच असं नाही. तुम्ही होऊन तो कागद पुढं करा. आमच्याकडे येणाऱ्या गिरणी कामगारांनाही मी हेच सांगते. “काय काम करता?” “रिटायर.” इथंच इतिहास संपतो, आणि रोगाचं कारण कागदावर येतच नाही.

दक्षिण_कसबा

मी वकिली करते. भरपाईचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

युद्धात पर्यावरणाचं व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर नुकसान करू नये असं जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात स्पष्ट लिहिलंय. पण इराकने तेव्हा तो स्वीकारलेलाच नव्हता. म्हणून सुरक्षा परिषदेने दुसरी वाट धरली. 3 एप्रिल 1991 चा ठराव 687. त्यात इराकला आक्रमणामुळे झालेल्या थेट नुकसानीसाठी जबाबदार धरलं आणि त्यात पर्यावरणाची हानी हे शब्द मुद्दाम घातले. जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग बसला, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून हिस्सा कापला जाऊ लागला. सगळ्या प्रकारच्या दाव्यांपोटी मिळून 52.4 अब्ज डॉलर दिले गेले आणि शेवटचा हप्ता जानेवारी 2022 मध्ये गेला. पर्यावरणाचे दावे त्यात 5 अब्ज डॉलरच्या वर मंजूर झाले. युद्धातल्या पर्यावरण-हानीची इतकी मोठी भरपाई त्याआधी कुणी वसूल केली नव्हती, आणि हे मोठं पाऊल आहे असं माझं ठाम मत आहे.

पण दावा करणारे होते देश. तळी साफ करायला, किनारा खणायला, वाळवंटात रोपं लावायला पैसे मिळाले. 1990 मध्ये घरदार, पगार सोडून पळून आलेल्या भारतीयांनाही आपल्या सरकारमार्फत दावे करून पैसे मिळाले, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही असतील. मात्र 1991 मध्ये पुन्हा जाऊन धुरात काम केलेल्या माणसाची छाती वीस वर्षांनी बिघडली, तर ती कोणत्या खात्यात धरायची, याची सोयच त्या रचनेत नव्हती. हानी दिसायच्या आधी मुदत संपते. आपल्याकडे सिलिकोसिस, बिसिनोसिस या दगडाच्या आणि कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगांच्या दाव्यांत मी हेच बघत आलेय.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांनी 2001 मध्ये 6 नोव्हेंबर हा दिवस युद्धात पर्यावरणाचा गैरवापर रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून ठरवला. शेवटची विहीर बंद झाली तीच तारीख.

रिगवाले काका

वकीलताई, कायदा होऊनही थांबलेलं नाही. आणि ही खोड सद्दामपासून सुरू झालेली नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 ला, रुमानियातल्या विहिरी जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी उद्ध्वस्त केल्या. 1942 च्या एप्रिलमध्ये बर्मात येनानजाँगला तेच केलं, जपानी जवळ आले म्हणून. जो मागं हटतो तो जाळून जातो.

माळढोक

अगदी अलीकडचं उदाहरण इराकमधल्या कय्याराचं. 2016 मध्ये मोसुलच्या दक्षिणेला इसिसने विहिरी पेटवल्या, विमानांना खालचं दिसू नये म्हणून. 2017 च्या वसंतापर्यंत त्या जळत होत्या. गाव तर आधीच मोकळं झालं होतं, लोक घरी परतले होते आणि धुरातच राहत होते. मुलं खेळून आली की तोंड काळं. मेंढपाळांच्या पांढऱ्या मेंढ्या काजळीने काळ्या झाल्या आणि बाजारात त्यांना कुणी हात लावेना. त्याच सुमारास जवळच्या मिश्राक इथल्या गंधकाच्या कारखान्यालाही आग लावली गेली, शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं.

आमच्या शाळेत मोहोळ-सांगोल्याकडची धनगरांची मुलं आहेत. त्यांना वर्गात हे सांगितलं तेव्हा एका पोराने विचारलं, “मग सर, मेंढ्यांनी खाल्लं काय?” गवतावरही काजळीच ना. त्या प्रश्नावर मी अजून वाचतोय.

होटगी_रोड

युद्ध नसतानाही असं होतं हे आसामच्या बागजानमुळे लक्षात आहे. तिनसुकिया जिल्ह्यात 27 मे 2020 ला ब्लोआउट (विहिरीतला वायू-तेल ताबा सुटून उसळणं), 9 जूनला आग, आणि विहीर पूर्ण बंद झाली नोव्हेंबरच्या मध्यावर. एक विहीर, शांततेचा काळ, तरी साडेपाच महिने. अग्निशमनाचे दोन जवान गेले, शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीत मासे मेले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. कुवेतमध्ये अशा सहाशेच्या वर होत्या, हा हिशेब आज पहिल्यांदा डोक्यात नीट बसला.

यंत्रमाग

रात्री लिहितो म्हटलं होतं, दोन दिवस गेले. वडिलांशी बसून बोलायचं होतं.

वडील कुवेतला एप्रिल 1991 मध्ये गेले, पाइपलाइनच्या गँगवर. आमच्यात घरी तेलुगू बोलतात, गँगमध्ये करीमनगरची माणसं बरीच, म्हणून त्यांना तिथं करमायचं. राहायला लोखंडी केबिन, सहा जण. खिडकीच्या फटीत ओला कपडा कोंबायचे. सकाळी उठलं की उशीवर नाकाजवळ काळा डाग. थुंकी काळी. सगळ्यांचीच काळी, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पगार मात्र इथल्या मागाच्या मजुरीच्या कितीतरी पट. त्या पैशातनंच आमचे चार माग आले, माझं शिक्षण झालं. वडील आजही कुवेतला नाव ठेवू देत नाहीत. त्यांना दम्याची औषधं सुरू आहेत, पण डॉक्टरांना त्यांनी कुवेतचं कधी सांगितलेलंच नाही. का, तर म्हणे, विचारलं नाही.

त्यांच्या गँगमधले पूर्व भागातले दोघे-तिघे अजून आहेत. दोघे वारले. कशाने ते घरच्यांना नीट सांगता येत नाही.

स्टेथो

यंत्रमाग, वडिलांना तो काळ्या थुंकीचा तपशील डॉक्टरांना सांगायला लावा, किती दिवस होती तेही. मागावरची कापसाची धूळ हा त्यांच्या बाबतीत आणखी एक थर आहे, तोही त्याच कागदावर हवा.

सगळ्यांनाच एक विनंती. आपल्या शहराचं नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. ज्याची छाती आधीच कधीतरी धुराने भाजून निघाली आहे, त्याने सकाळी कचरा जळत असताना फिरायला जाऊ नये, आणि उसाचं पाचट पेटवलेल्या शेताजवळ तर अजिबात थांबू नये. जुना धूर काढता येत नाही, नवा टाळता येतो. दरवर्षी फ्लूची लस घ्या, न्यूमोनियाच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाळीवेस

मामांची स्पायरोमेट्री झाली. फुप्फुसाची ताकद वयाच्या मानाने कमी आलीय, पुढच्या तपासण्या सांगितल्यात. कामाचा कागद आम्ही लिहून नेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, दोन-तीन प्रश्न विचारले आणि केसपेपरला जोडला. निदान आता ते कागदावर आलं.

आता एक करूया. आपल्या जिल्ह्यातून मार्च ते नोव्हेंबर 1991 या काळात जे कुवेतमध्ये कामाला होते, त्यांच्या घरच्यांनी इथं लिहा. नाव नको, फोन नको. महिने, गाव किंवा तेलक्षेत्र, कामाचा प्रकार, तोंडाला काय बांधत होते, आणि सध्या छातीचा काही त्रास आहे का. दक्षिण_कसबा, या माहितीचा कायद्याने आज काही उपयोग नसेल, मला कळतं. पण तपासणी शिबिर मागायचं झालं तर निदान किती माणसं आहेत हे तरी सांगता येईल.

पहिली नोंद मीच करते. जून ते नोव्हेंबर, अहमदी, वेल्डर, साधं फडकं, दम लागतो.

यंत्रमाग

एप्रिल ते ऑक्टोबर. अहमदी आणि मग उत्तरेला रौधातैन. पाइपलाइन गँग. रुमाल. दमा. बाकीच्या दोघांना या रविवारी विचारून लिहितो.

दक्षिण_कसबा

शिबिराच्या अर्जाचा मसुदा मी करून देते. पासपोर्टवरचे शिक्के, कंपनीचं ओळखपत्र, घरी पाठवलेल्या ड्राफ्टच्या पावत्या, जे काही असेल ते फेकू नका. फोटो काढून ठेवा. जुन्या पासपोर्टची शाई उडत चालली असेल तर आधी त्याचा.

अक्कलकोट_नाका

नवीन सभासद. धागा बहिणीने पाठवला. आमचे आजोबा तिथं स्वयंपाकी होते, आग विझवणाऱ्यांच्या कॅम्पवर. मे ते सप्टेंबर, बुर्गान. तोंडाला काही नाही, भट्टीपुढं बांधवत नसे म्हणतात. 2009 ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. बिडी ओढायचे. गेलेल्यांची नोंद चालेल का?

बाळीवेस

चालेल. बिडीसकट लिहिलंत ते बरं केलंत. कॅम्प आगीपासून किती लांब होता ते आजींना आठवत असेल तर विचारून बघा.